'स्वभाव पन्नास टक्के रक्तातून': जुळ्यांच्या अभ्यासाची बातमी कशी वाचायची

आमच्या जन्माच्या वेळी नाळेमागून पडणाऱ्या वारा दोन निघाल्या. सुईणीने आईला तिथल्या तिथे सांगितलं, "वारा दोन, म्हणजे पोरी वेगवेगळ्या." १९६१ सालची, माण तालुक्यातल्या एका खेड्यातली ही गोष्ट. बहीण माझ्याहून बारा मिनिटांनी मोठी, म्हणून ती जन्मभर ताई. आम्ही आवळ्याजावळ्या, पण 'एकसारख्या नव्हेत' हे घरात पक्कं झालेलं. तोंडावळा मिळायचा, तर लोक म्हणायचे बहिणीच त्या, मिळणारच. शिवाय ताई काटक, मी अंगाने भरलेली. २०१८ मध्ये ताईच्या मुलीने हट्टाने आमच्या दोघींच्या लाळेचे नमुने तपासणीला दिले. अहवालात एकच शब्द ठळक होता: एकयुग्मजी, म्हणजे एकाच बीजातून झालेल्या, एकसारख्या. सत्तावन्न वर्षं आम्ही स्वतःला चुकीच्या रकान्यात टाकलं होतं.

मी एकतीस वर्षं बारावीला मानसशास्त्र शिकवलं. आनुवंशिकता आणि परिस्थिती हा भाग आला की जुळ्यांचा अभ्यास यायचाच. आता निवृत्तीनंतर वर्षातून तीन-चारदा कुणी ना कुणी मला बातमी पाठवतं, 'स्वभाव पन्नास टक्के जनुकांवर ठरतो, जुळ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष'. खाली दोन तऱ्हेचे लोक असतात. एक म्हणतात, खाण तशी माती, आमची आजी सांगतच होती. दुसरे चिडतात, मग संस्कारांना काही किंमतच नाही का? दोघांनीही त्या आकड्याचा अर्थ चुकीचा घेतलेला असतो, आणि मला ते मनापासून लागतं. कारण त्या आकड्याच्या जोरावर लोक स्वतःच्या लेकरांबद्दल निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून ही बातमी कशी वाचायची ते इथे लिहिते आहे. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी एवढ्यावर भागतं.

आधी जुळी कुठल्या प्रकारची ते बघा

एकयुग्मजी जुळी म्हणजे एकच फलित बीज सुरुवातीच्या दिवसांत दुभंगून झालेले दोन जीव. त्यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी. द्वियुग्मजी म्हणजे एकाच वेळी दोन बीजं, दोन शुक्राणू. पाठच्या भावंडांसारखीच, फक्त मुक्काम एकत्र. माणसामाणसांत ज्या जनुकांत फरक असतो, त्यांतली सरासरी निम्मी त्यांच्यात सारखी असतात.

सगळा अभ्यास या दोन प्रकारांच्या तुलनेवर उभा आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८७५ मध्येच जुळ्यांच्या घरी प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली होती, पण दोन प्रकार शेजारीशेजारी ठेवून मोजायची पद्धत १९२४ च्या सुमाराची. हर्मान सीमेन्स हा जर्मन त्वचारोगतज्ज्ञ अंगावरचे तीळ मोजत होता. एका बीजाच्या जुळ्यांत तिळांची संख्या दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जास्त मिळतीजुळती निघाली. तीळ मोजायची ही युक्ती पुढे स्वभावाला लावली गेली.

म्हणून बातमीत 'जुळी' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. कुठल्या प्रकारच्या किती जोड्या, हे हवं. आणि प्रकार ठरवला कसा, हेही बघा. वारेवरून ठरवला असेल तर सावध व्हा. बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं तर एकयुग्मजी बाळांनाही स्वतंत्र वारा असतात, आणि असं त्यांच्या साधारण एक-तृतीयांश जोड्यांत होतं. उलट द्वियुग्मजींच्या दोन वारा चिकटून एक दिसू शकतात. बोटांचे ठसेही उपयोगाचे नाहीत, ते एकयुग्मजींचेही वेगळे असतात. मोठ्या अभ्यासांत 'लहानपणी ओळखीचे लोक तुमच्यात गल्लत करायचे का?' यासारखे प्रश्न विचारतात, आणि ते आश्चर्य वाटावं इतके बरोबर ठरतात, शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जोड्यांत. खात्री हवी तर डीएनए तपासणी. हे वाचणाऱ्यांत जुळ्यांचे आईबाप असतील तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दवाखान्यात कुणी वार बघून सांगितलं असेल, तर तेवढ्यावर जाऊ नका.

दोन आकडे शोधा आणि वजाबाकी करा

अभ्यासात सहसंबंधाचे दोन आकडे असतात, एक एकयुग्मजींचा, एक द्वियुग्मजींचा. सहसंबंध ० असला तर जोडीतल्या एकीवरून दुसरीचा काहीच अंदाज येत नाही; १ असला तर पूर्ण येतो.

खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेत जॉन लोहलिन आणि रॉबर्ट निकोल्स यांनी शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्या शाळकरी जुळ्यांच्या सुमारे ८५० जोड्यांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. स्वभावाच्या चाचण्यांवर एकयुग्मजींचा सहसंबंध साधारण ०.५०, द्वियुग्मजींचा साधारण ०.२८.

आता कागदावर लिहा. ०.५० वजा ०.२८ म्हणजे ०.२२. त्याची दुप्पट ०.४४. दुप्पट का, तर एका प्रकारात जनुकं पूर्ण सारखी, दुसऱ्यात निम्मी. वजाबाकीत जनुकांचा निम्माच परिणाम हाती लागतो. तर फरकांतला जनुकांचा वाटा सुमारे ४४ टक्के.

पुढे. एकयुग्मजींचं साम्य ०.५०, त्यातलं ०.४४ जनुकांचं. उरलं ०.०६. दोघांना सारखं मिळालेलं जे काही, म्हणजे घर, आईबाप, गाव, जेवणखाण, पैसाअडका, त्याने केलेलं साम्य एवढंच.

आणि १ वजा ०.५०, म्हणजे ०.५०, हा तिसरा वाटा. ज्यांची जनुकंही सारखी आणि घरही सारखं, तीही एकमेकांपासून इतकी वेगळी निघतात.

वर्गात मी हे गणित फळ्यावर करून थांबायची. मागच्या बाकावरचं कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, ते ०.०६ चुकलंय का?" चुकलेलं नसायचं. पुढे अनेक अभ्यासांत तसंच येत राहिलं. कॅनडात व्हँकुव्हरला केरी जँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १२३ एकयुग्मजी आणि १२७ द्वियुग्मजी जोड्यांवर स्वभावाचे पाच मोठे पैलू तपासले. जनुकांचा वाटा असा निघाला: अस्वस्थ, चिंताळू वृत्ती ४१ टक्के, बहिर्मुखता ५३, नव्या अनुभवांची ओढ ६१, मिळून-मिसळून घेण्याची वृत्ती ४१, कामातला नेटकेपणा ४४. २०१५ मध्ये त्याआधीच्या सुमारे पन्नास वर्षांतले २,७४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, उंचीपासून आजारांपर्यंत हजारो गुणधर्म त्यात होते, आणि सरासरी ४९ टक्क्यांवर आली. बातम्यांतला 'पन्नास टक्के' येतो तो इथून.

कधी द्वियुग्मजींचा आकडा एकयुग्मजींच्या निम्म्याहूनही कमी असतो, समजा ०.५० आणि ०.२०. मग घराचा वाटा शून्याच्या खाली जातो, जे शक्य नाही. अशा वेळी साध्या वजाबाकीवर विसंबू नका. जनुकांचे परिणाम नुसती बेरीज होऊन येत नाहीत, एकमेकांत गुंतूनही येतात. किंवा मोजण्यातच काही गडबड असते, तिच्याकडे पुढे येते.

घराचा वाटा इतका कमी कसा?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लोक इथेच दुखावतात. 'घराचा काही उपयोग नाही' असं हा आकडा म्हणत नाही. घरामुळे भावंडं स्वभावाने एकमेकांसारखी होत नाहीत, एवढंच तो सांगतो. दत्तक मुलांच्या अभ्यासांतूनही हेच दिसलं आहे: रक्ताचं नातं नसलेली, एका घरात वाढलेली भावंडं मोठेपणी स्वभावाने फारशी सारखी नसतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. एका दावणीला वाढून गुण लागतो हे खरं, पण दोघांना एकच गुण लागत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही अकरा वर्षांच्या होतो. आई आणि वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात धाकटा भाऊ, आजी, आणि पाणी दीड मैलावर. ताई बारा मिनिटांनी मोठी, म्हणून शाळा तिची सुटली, सहा महिने. मी शाळेत जात राहिले. घर एक, दुष्काळ एक, आईबाप तेच. पण ताईचा दुष्काळ म्हणजे डोक्यावरची कळशी आणि भावाचं आजारपण. माझा दुष्काळ म्हणजे सुकडी आणि गुरुजींनी वाचायला दिलेली पुस्तकं. संशोधक याला 'न वाटलेली परिस्थिती' म्हणतात, म्हणजे भावंडांत सामायिक नसलेली. गणितात तो ०.५० चा तिसरा वाटा आहे ना, त्यात हे येतं. वेगळे मित्र, एकालाच झालेला टायफॉइड, एकाच शिक्षकाने एकाला पुढे बसवणं आणि दुसऱ्याला विसरणं, हे सगळं त्यातच.

त्या वाट्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि बातमीत ती कधीच नसते: मोजण्याची चूक. मी वर्गात एकच प्रश्नावली महिन्याच्या अंतराने दोनदा भरून घ्यायची. त्याच मुलीची उत्तरं पुरती जुळायची नाहीत. आदल्या दिवशी घरी भांडण झालेलं असायचं, नाहीतर परीक्षा तोंडावर असायची. तेवढा फरक परिस्थितीचा नव्हे, मापाचा. तो बाजूला काढला की जनुकांचा वाटा थोडा वर सरकतो.

पन्नास टक्के कशाचे?

'माझा निम्मा स्वभाव आईबापांकडून आला, निम्मा मी कमावला' असं वाक्य या आकड्यातून काढता येत नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच. अमुक गटातल्या माणसामाणसांत जो फरक आहे, त्या फरकातला जनुकांचा वाटा, एवढंच त्याचं म्हणणं.

समजा एका शाळेत सगळ्या मुलांना एकच पुस्तक, एकच शिक्षक, तेवढाच वेळ दिला. मुलांच्या गुणांत फरक तर पडेलच, पण त्या फरकात पुस्तकाचा वाटा शून्य. म्हणून पुस्तक काढून घेतलं तर चालेल का? परिस्थिती जितकी सगळ्यांना सारखी, तितका उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसतो. परिस्थितीत दरी वाढली की तो घटतो. जनुकं तीच, आकडा मात्र हलतो.

म्हणून बातमीत पुढचा प्रश्न शोधा: हा अभ्यास कुठल्या लोकांवर? बुद्धीच्या बाबतीत याचं ठळक उदाहरण आहे. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यांक तपासले. गरीब घरांत जनुकांचा वाटा शून्याच्या आसपास आणि घराचा सुमारे ६० टक्के. सुखवस्तू घरांत जवळजवळ उलटं. पुढे २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा अमेरिकेत हा कल दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. जुळ्यांची बहुतेक माहिती युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली आहे. तिथला आकडा उचलून माण-खटावच्या पोरांना लावू नका.

वेगळी वाढलेली जुळी: गोष्ट आणि मोजमाप वेगळं ठेवा

बातमीत हमखास दोन जिम असतात. ओहायो राज्यात १९३९ मध्ये जन्मलेले हे एकयुग्मजी भाऊ जेमतेम महिन्याचे असताना वेगवेगळ्या घरी दत्तक गेले. दोन्ही घरांनी, एकमेकांना न विचारता, नाव ठेवलं जिम. १९७९ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी ते भेटले. दोघांच्या पहिल्या बायकांचं नाव लिंडा, दुसऱ्यांचं बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव टॉय. दोघांनाही एकाच तऱ्हेची डोकेदुखी, दोघंही नखं कुरतडणारे.

ऐकायला विलक्षण आहे. पण लिंडा नावाचं जनुक नसतं. त्या पिढीत अमेरिकेत लिंडा आणि बेटी ही नावं आपल्याकडच्या सुनंदा-मंगलसारखी घराघरांत होती. आणि दोन माणसांना हजार प्रश्न विचारले की पाच-पन्नास उत्तरं जुळतातच. न जुळलेली कुणी छापत नाही. डोकेदुखी आणि नखं कुरतडणं याबद्दल मात्र मी इतक्या सहज हात झटकणार नाही.

या भावांमुळे जे सुरू झालं ते महत्त्वाचं. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी त्याच वर्षी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास हाती घेतला. येणाऱ्या प्रत्येक जोडीची आठवडाभर, सुमारे पन्नास तास तपासणी व्हायची, आणि वीस वर्षांत शंभरावर जोड्या आल्या. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात वेगळ्या घरांत वाढलेल्या ४४ एकयुग्मजी जोड्यांची एकत्र वाढलेल्या २१७ जोड्यांशी तुलना होती. स्वभावातलं साम्य दोन्हीकडे जवळपास सारखंच, ०.५० च्या आसपास. वरच्या गणितातला घराचा तो बारीकसा आकडा इथे दुसऱ्या वाटेने येऊन भेटतो. दोन वेगळ्या पद्धती एकाच ठिकाणी पोचल्या की माझा विश्वास वाढतो.

तरी शंका विचारायच्याच. वेगळी वाढली म्हणजे किती वेगळी? काही जोड्या तपासणीआधी अनेकदा भेटलेल्या होत्या. दत्तक देताना घरं पारखून घेतात, म्हणजे फार वाईट घरं यादीत येतच नाहीत. जिम भावांची घरंही एकाच राज्यातली, फार दूर नव्हेत.

या क्षेत्राने एकदा मोठा ठपका सोसला आहे, तोही लक्षात असू द्या. इंग्लंडच्या सिरिल बर्ट यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यांकाचे आकडे दिले: आधी २१ जोड्या, मग तीसहून जास्त, मग ५३. सहसंबंध मात्र तिन्ही वेळा ०.७७१. जोड्या वाढल्या आणि आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत हलला नाही. लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये हे उघड्यावर मांडलं, तेव्हा बर्ट हयात नव्हते. बर्ट यांचे आकडे आज गंभीर अभ्यासक वापरत नाहीत. एखादी जुनी पोस्ट त्यांच्यावर उभी असेल तर तिथेच वाचन थांबवा.

उत्तरं कोणी भरली?

मुलांच्या स्वभावाची प्रश्नावली बऱ्याचदा आई भरते. आणि दोन वेगळी दिसणारी बाळं मांडीवर असली की आईची जीभ तुलनेकडेच वळते: हा शांत, तो वांड. त्यामुळे द्वियुग्मजी जुळ्यांतला फरक खरा आहे त्याहून कागदावर मोठा दिसतो. मघाशी ज्या गडबडीचा उल्लेख केला, तिचं एक कारण हे. शिक्षक, मित्र, खुद्द ती मुलं, अशा एकाहून जास्त लोकांकडून माहिती घेतली असेल तर अभ्यास भरवशाचा.

उलट आक्षेपही ऐकून घ्या, तो या पद्धतीवरचा सगळ्यात जुना आक्षेप आहे: एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांना एकसारखे कपडे, एकसारखी वागणूक मिळते, मग त्यांचं साम्य जनुकांचंच कशावरून? यावर संशोधकांनी नेमक्या आमच्यासारख्या जोड्या शोधल्या, ज्यांना स्वतःचा प्रकारच चुकीचा माहीत होता. अमेरिकेत सँड्रा स्कार यांनी १९६८ मध्ये, पुढे केनेथ केंडलर यांनी हे तपासलं. बहुतेक ठिकाणी साम्य खऱ्या प्रकाराबरोबर गेलं, घरच्यांच्या समजुतीबरोबर नाही. हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी स्वतः त्या यादीतली आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि एखाद्या बातमीत 'रागाचं जनुक सापडलं' असं असेल, तर ती बाजूला ठेवा. स्वभावाच्या कुठल्याही पैलूमागे हजारो जनुकभेद असतात आणि एकेकाचा परिणाम कणभर.

अहवाल आल्यावर भाचीने आम्हा दोघींना एकाच दिवशी, वेगळ्या खोल्यांत बसवून एक प्रश्नावली भरायला लावली. ताई साठीकडे झुकलेली, गुडघे धरलेले. मी सोप्यात, ती माजघरात. कागद शेजारी ठेवले तेव्हा माणसांची आवड, नव्या जागेची भीती, रात्री विचार करत पडायची सवय, बहुतेक खुणा एकाच चौकटीत होत्या. नव्या जागेची भीती तर आम्ही एकमेकींपासूनही लपवली होती. फरक पडला एका ओळीत: 'काम माझ्यावर आहे असं मला सतत वाटतं'. ताईने टोकाची खूण केली होती, मी मधली.

भाची म्हणाली, "मावशी, हे त्या बारा मिनिटांचं ना? आणि दुष्काळाचं? किती टक्के?"

मी तिला वरचं गणित पुन्हा कागदावर करून दाखवलं. सहसंबंध काढायला शेकडो जोड्या लागतात, आमची जोडी एक. एका जोडीतून टक्के निघत नाहीत. तेवढ्यात ताई आतून विचारत आली की चहा कुणी ठेवलाय का, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ठेवायला गेली.